फोल्डरला कुलूप लावू नका: गेम कंपन्यांना एक खुलं पत्र

प्रति,
गेम बनवणाऱ्या समस्त कंपन्या,
लहान, मोठ्या, परदेशातल्या आणि आता आपल्या पुण्या-मुंबईतल्यासुद्धा

विषय: गेमच्या फोल्डरला कुलूप न लावण्याबाबत (म्हणजे आम्हाला गेममध्ये आपापले बदल करू देण्याबाबत)

महोदय / महोदया,

वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज करतो की... जाऊ दे, शाळेतला अर्ज इथपर्यंतच आठवतोय, पुढचं बोलतो तसंच लिहितो.

मी ३४ वर्षांचा, गाव सातारा, सध्या पुण्यात लोकांचे जीएसटी रिटर्न भरतो. बायको, एक मुलगी आणि एक पीसी ज्याच्या ग्राफिक्स कार्डाचे चार हप्ते अजून बाकी आहेत. कोडिंग मला शून्य येतं. पण सायबर कॅफे तासाला १५ रुपये होता तेव्हापासून गेम खेळतोय, आणि तेव्हा ५० रुपयांच्या सीडीवर जे पाप केलं ते नंतर स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाच्या सेलमध्ये एवढ्या वेळा फेडलंय की लायब्ररीतले निम्मे गेम मी अजून उघडलेले पण नाहीत. म्हणजे तुमचं गिऱ्हाईक आहे मी, चांगलं, जुनं गिऱ्हाईक. म्हणून जरा हक्काने बोलतो.

क्रिकेट ०७ पासून सुरू करतो, कारण मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांनी गेममध्ये स्वतः केलेला बदल, हा शब्दसुद्धा माहीत नव्हता तेव्हा आम्हाला मॉड त्यानेच शिकवलं. ईए स्पोर्ट्सचा गेम, नोव्हेंबर २००६ चा, बनवला कॅनडातल्या एचबी स्टुडिओजने, म्हणजे जिथे लोक बर्फावर हॉकी खेळतात तिथे. परवाना ॲशेसचा, त्यामुळे इंग्लंड ऑस्ट्रेलियाचे खेळाडू खऱ्या नावाने आणि आपल्या पोरांची नावं अशी मोडतोड केलेली की रेशनकार्डावर चुकवतात ना, तशी. त्या मालिकेतला तो शेवटचा गेम. २००८ ला आयपीएल आलं, गेम त्याच्या आधीचा, मग गेममध्ये आयपीएल कुठून असणार, पण आमच्याकडे मुंबई विरुद्ध चेन्नई जोरात चालू असायचं कारण कुणीतरी कुठेतरी बसून, भारतात, पाकिस्तानात, बांगलादेशात, कंपनीने एक रुपया दिलेला नसताना जर्सी, बॅटचे स्टिकर, खेळाडूंचे चेहरे, स्कोअरबोर्ड सगळं बनवून फुकट वाटत होतं. आणि हे एक वर्ष नाही. दर हंगामाला नवीन पॅच.

तर मी आमच्या गल्लीची टीम त्यात घातली होती. रोस्टरची, म्हणजे खेळाडूंच्या यादीची फाईल सरळ माय डॉक्युमेंट्समध्ये पडलेली असायची, एक छोटासा एडिटर मिळायचा, त्यात ती उघडायची, नाव टाकायचं, डावखुरा की उजवा ते टाकायचं, आणि मग आकडे. जर्सी मी स्वतः एमएस पेंटमध्ये रंगवली, छातीवर मंडळाचं नाव लिहिलं, गेममध्ये बघतो तर नाव काखेत गेलेलं. चालतंय म्हटलं. मला मी बॅटिंगला ९५ दिले, ते योग्यच होतं. पिंट्याला बॉलिंगला ४० दिले. पिंट्या आमच्यातला एकमेव फास्ट बॉलर, निदान त्याच्या मते. संध्याकाळी पाच जण एका खोलीत, सीपीयूचं झाकण काढून समोर टेबल फॅन लावलेला कारण नाहीतर दहाव्या ओव्हरला मशीन बसायचं, आणि स्क्रीनवर पिंट्या बॉलिंगला आला, लॉर्ड्सवर, पॅव्हेलियन एंडकडून, आम्ही सगळे शिट्ट्या मारतोय, आणि समोर की-बोर्डवर अजित. पहिल्या तीन बॉलला तीन सिक्स. पिंट्या उठला, काही बोलला नाही, चपला घातल्या आणि गेला. दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याची आई नळावर माझ्या आईला विचारत होती, तुमच्या पोराने कॉम्प्युटरमध्ये आमच्या प्रशांतचं काय केलंय म्हणून.

हे सगळं झालं कारण फाईल उघडी होती. कंपनीने काही खास सोय केली नव्हती हो आमच्यासाठी. फक्त अडवलं नव्हतं. मला एवढंच मागायचं आहे, बाकीचं पत्र त्याचाच पाल्हाळ आहे.

आता तुमच्यातले काही म्हणतील की फुकट्या पोरांच्या हौसेसाठी आम्ही का डोकं लावायचं. बरं. ज्या पबजीपायी महाराष्ट्रात घराघरात राउटर लपवले गेले तो पबजी आला कुठून ते बघा. आर्मा २ नावाचा एक मिलिटरी गेम, त्यावर डीन हॉलने २०१२ मध्ये डेझी हे मॉड केलं, त्या मॉडवर ब्रेंडन ग्रीनने बॅटल रॉयलचं मॉड केलं, आणि त्यातनं शेवटी २०१७ ला पबजी. म्हणजे मॉडचं मॉड, आणि मग त्याच्यावर तुमचा सगळ्यांचा धंदा, कारण पुढची तीन वर्षं प्रत्येकाने शंभर माणसं विमानातनं खाली टाकायचा गेम काढला. काउंटर-स्ट्राइक घ्या, सायबर कॅफेवाल्यांची लग्नं ज्यावर झाली. १९९९ मध्ये मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोघांनी हाफ-लाइफ या गेमवर केलेलं मॉड, हाफ-लाइफ बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने दोघांना नोकरीवर घेतलं आणि २००० ला खोक्यात घालून विकलं. शहाणी माणसं. एज ऑफ एम्पायर्स २ तर १९९९ चा, म्हातारा होऊन मरायचा, पण चाहत्यांनी फरगॉटन एम्पायर्स नावाचं मॉड केलं, त्यात भारतीय पहिल्यांदा आले, मग तेच लोक अधिकृत झाले आणि २०२२ मध्ये डायनॅस्टीज ऑफ इंडिया निघालं, बंगाली, द्रविड, गुर्जर. मराठे नाहीत, त्याचा राग मी धरून आहे पण तो दुसऱ्या पत्रात.

याच्या उलट ब्लिझार्ड कंपनीचा वॉरक्राफ्ट ३. डोटा हा गेम त्याच्यावर चाहत्यांनी बनवलेल्या नकाशातून जन्मला, आणि डोटा २ काढला व्हॉल्व्हने. ब्लिझार्ड बघत बसलं. त्यावरून काय शिकले, तर २०२० मध्ये त्याचीच नवी आवृत्ती रीफोर्ज्ड काढताना करारात लिहून टाकलं की यात तुम्ही जे कस्टम गेम बनवाल ते सगळे आमच्या मालकीचे. अरे मग कोण बनवेल? शेत तुमचं, कष्ट आमचे, पीक पण तुमचंच, असा वाटा आमच्याकडे कूळकायद्याच्या आधी असायचा.

आता माझं मुख्य दुखणं. अपडेट.

स्कायरिम २०११ चा गेम. ११ नोव्हेंबर, अकरा अकरा अकरा. एवढी वर्षं झाली, अजून लोक खेळतात, का खेळतात? ड्रॅगन बघायला? तो ड्रॅगन आता पाठ झालाय सगळ्यांना. मॉडसाठी खेळतात. आणि त्यातल्या मोठ्या मॉडांचा पाया म्हणजे एसकेएसई, स्क्रिप्ट एक्स्टेंडर, तो गेमच्या ईएक्सईला, म्हणजे मुख्य प्रोग्रामच्या फाईलला, चिकटून चालतो, आतले पत्ते बघून. ईएक्सई बदलली की पत्ते बदलले. महापालिकेने एका रात्रीत सगळ्या घरांचे नंबर बदलावेत आणि सकाळी पोस्टमन जुनीच यादी घेऊन फिरावा, तसं. २०२१ ला ॲनिव्हर्सरी एडिशन आलं तेव्हा हे झालं, २०२३ च्या डिसेंबरात क्रिएशन्स आलं तेव्हा परत झालं. त्याच बेथेस्डा कंपनीच्या फॉलआउट ४ चं तर आणखी वाईट. फॉलआउट लंडन नावाचं मॉड, मॉड कसलं आख्खा नवा गेम, लोक वर्षानुवर्षं नोकऱ्या सांभाळून फुकट बनवत होते, २३ एप्रिल २०२४ ही तारीख जाहीर केली होती. आणि कंपनीने आपला नेक्स्ट-जेन अपडेट ठेवला २५ एप्रिलला. साडेआठ वर्षं जुना गेम, वर्षाचे ३६५ दिवस, आणि बरोबर तोच आठवडा! बिचाऱ्यांचं पुढे गेलं ते २५ जुलैला आलं, आणि तेसुद्धा आधी गेम जुन्या व्हर्जनवर न्या मग लावा अशा सूचनेसकट. मी नाही म्हणत कुणी मुद्दाम केलं. पण एक फोन करता आला असता की नाही?

माझ्यावर पण आली ही वेळ, कुठला गेम, कुठली कंपनी ते सांगत नाही, भांडण करायचं नाही. दिवाळीची पाच दिवसांची सुट्टी, ऑडिटचा सीझन संपलेला, बायको मुलीला घेऊन माहेरी जाणार, मी महिनाभर आधीपासून तयारी केलेली. १४० मॉड. एक्सेलमध्ये यादी, कुठलं कुणाच्या आधी लोड होतं, कुठल्याचं कुणाशी पटत नाही (जीएसटीवाला माणूस आहे, शीट केल्याशिवाय झोप लागत नाही). ९० तासांचा सेव्ह. धनत्रयोदशीला रात्री साडेअकराला सगळी कामं उरकून, चिवड्याची वाटी घेऊन बसलो, आणि गेम म्हणतोय अपडेट होतंय, १८ जीबी. आमच्या सोसायटीचं इंटरनेट, म्हणजे पहाटे चार. उघडलं तर सगळं गाव जांभळं. भिंती जांभळ्या, गवत जांभळं, आणि माझा दुकानदार दोन्ही हात आडवे पसरून चौकात उभा, जसं काय सिग्नलवरचा ट्रॅफिक पोलीस. त्या अपडेटमध्ये होतं काय तर दुकानात चार नवीन घोड्यांची खोगिरं, विकत. सपोर्टला मेल केली तर उत्तर आलं की मॉड काढा आणि गेम पुन्हा इन्स्टॉल करा. म्हणजे डोकं दुखतंय तर डोकं काढा.

तर यावर माझं साधं म्हणणं आहे, अपडेट करा, बग काढा, कोण नाही म्हणतंय, पण जुनं व्हर्जन हाताशी ठेवा. स्टीमवर ती सोय आहे, गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये बीटाचा टॅब असतो, त्यात मागची दोन-तीन व्हर्जनं ठेवून द्या आणि ज्याला हवं तो तिथे थांबेल. खर्च काही नाही.

चांगलं करणारे पण आहेत, त्यांचं नाव घेतलंच पाहिजे नाहीतर म्हणाल नुसताच रडतोय. स्टारड्यू व्हॅली. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने बनवलेला गेम, चित्रं, गाणी, कोड सगळं, फेब्रुवारी २०१६ ला आला. आणि २०२४ च्या मार्चमध्ये १.६ अपडेट दिला त्यात मॉडवाल्यांना सोपं जावं म्हणून खास बदल करून ठेवलेले, आधी जे कोड लिहून करावं लागायचं ते बरंच साध्या फाईलमध्ये आलं. माझी मुलगी सात वर्षांची, तिला त्यातला कुत्रा आमच्या बिल्डिंगखालच्या काळूसारखा पाहिजे होता, एक कान पडलेला आणि शेपटीला पांढरा ठिपका. मी, शून्य कोडिंगवाला माणूस, ते केलं. एक पीएनजी चित्र, दोन छोट्या जेसन फाईली (साध्या टेक्स्टच्या), मॉडच्या फोल्डरात टाकायच्या, कंटेंट पॅचर नावाचं मॉड त्या वाचून बाकीचं करतं. तासभर कुत्रा येईचना. मुलगी मागे उभी, बाबा काळू कुठाय, बाबा काळू कुठाय. शेवटी सापडलं, एका ओळीच्या शेवटी स्वल्पविराम राहिला होता. तो टाकला आणि काळू अंगणात. तिने काय केलं माहितीये, खाली जाऊन खऱ्या काळूला सांगून आली.

बाल्डर्स गेट ३ पण तसंच, सप्टेंबर २०२४ चा सातवा पॅच, गेमच्या आतच मॉड मॅनेजर दिला, पुढे कन्सोलवाल्यांना सुद्धा. आणि त्यांच्या टूलकिटमधले जे भाग बंद होते ते लोकांनी काही दिवसांत उघडले तरी गेम बनवणाऱ्या लॅरियनने आकांडतांडव केलं नाही. आणि सगळ्यांचा आजोबा डूम, १९९३, तेव्हा जॉन कारमॅकने नकाशे, चित्रं, आवाज हे सगळं वॅड नावाच्या वेगळ्या फाईलीत ठेवलं, गेमचं इंजिन वेगळं, माल वेगळा, म्हणजे लोकांना आपला माल घालता येईल. १९९७ ला तर सोर्स कोडच देऊन टाकला. आज लोक तो कशाकशावर चालवून दाखवतात ते बघताच तुम्ही.

सिटीज स्कायलाइन्सचं, म्हणजे त्या शहर बांधायच्या गेमचं, मात्र वाईट वाटतं. पहिला भाग २०१५ चा, त्याची निम्मी गंमत स्टीमच्या वर्कशॉपची, जिथे लोक आपली मॉड ठेवतात. मी त्यात कात्रज चौक बनवला होता, ट्रॅफिक मॅनेजरचं मॉड लावून प्रत्येक सिग्नलची वेळ सेकंदात बसवली, लेन बदलल्या, तरी जाम. म्हणजे अस्सल झालं होतं. दुसरा भाग ऑक्टोबर २०२३ ला आला आणि मॉड नाहीत! ते आले मार्च २०२४ ला, बीटा म्हणून, आणि स्टीम वर्कशॉप सोडून प्रकाशक पॅराडॉक्सच्या स्वतःच्या दुकानात. ज्यांच्या खांद्यावर बसून शहर उभं राहिलं त्यांनाच पाच महिने गेटबाहेर उभं केलं, आणि आत गेम अर्धवट. हे माझं मत झालं, तुमच्याकडे कारणं असतील.

पैशाचं बोलू का? मॉडवाल्याला पैसे मिळू नयेत असं मी म्हणत नाही, उलट मिळावेत, रात्री जागून करतात. पण २०१५ च्या एप्रिलमध्ये स्कायरिमची मॉड स्टीमवर विकायला काढली तेव्हा बनवणाऱ्याला २५ टक्के आणि बाकी ७५ व्हॉल्व्ह आणि बेथेस्डाला. आमच्या मार्केट यार्डातला अडत्या पण एवढं कापत नाही, आणि तिथे रोज शिव्या खातो तो. आठवडा पण टिकलं नाही ते, लोकांनी एवढा गोंधळ घातला. आणि २०१७ मध्ये जीटीएची मॉड बनवायच्या ओपनआयव्ही या टूलला वकिलाची नोटीस, मग लोक चिडले, मग माघार, आणि २०२३ मध्ये जीटीएवाल्या रॉकस्टारने फाइव्हएम हे जीटीएचं ऑनलाइन मॉड बनवणारी टीमच आपल्यात घेतली. एवढं फिरून यायचंच होतं तर आधी वकील कशाला.

आता तुमची बाजू पण मांडतो, मी काय आंधळा नाही. ऑनलाइन गेमला कुलूप लावा, खुशाल लावा, चार कुलपं लावा. सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक १.६ खेळताना कोपऱ्यातल्या मशीनवर एक जण वॉलहॅक लावून बसायचा, भिंतीपलीकडचं त्याला दिसायचं, आणि वर आम्हालाच शिकवायचा की डोकं वापरा. आणि मॉडवाले पण संत नाहीत, एकमेकांचं चोरतात, भांडतात, चिडून आपलं मॉड काढून घेतात आणि त्यावर बसलेली पन्नास मॉड पडतात. २०२३ च्या जूनमध्ये माइनक्राफ्टच्या मॉडांमधून फ्रॅक्चरायझर नावाचा व्हायरस पसरला होता, तो साधा प्रकार नव्हता. हे सगळं खरं. पण एकट्याने खेळायचा गेम, माझ्या घरात, माझ्या मशीनवर, त्यात कोंबडीला टोपी घातली तर कुणाचं काय बिघडतंय? फ्लॅट विकल्यावर बिल्डर येऊन बघतो का कुठल्या भिंतीला खिळा मारला ते?

शेवटचं, आपल्या पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंना. तुमच्यासाठीच खरं तर हे मराठीत लिहितोय, बाकीचे कुठे वाचणारेत. पुण्यातल्या नॉडिंग हेड्सने २०२० ला राजी काढला तेव्हा मी ऑफिसात पेढे वाटायचा बाकी होतो, सुपरगेमिंगचा इंडस २०२४ ला आला तोही पुण्यातलाच. आणखी येतायत. तर तुम्ही तरी मॉडचा विचार पहिल्या दिवसापासून करा, आणि त्यात एक गोष्ट जी बाहेरचा कुणी करणार नाही. देवनागरी.

सांगतो काय झालं. एका परदेशी गेमचं मराठी भाषांतर करायला घेतलं होतं मी, मुलीला इंग्रजी वाचायला वेळ लागतो म्हणून. भाषेची फाईल उघडी होती, छान, रोज रात्री शंभर ओळी. गेममध्ये लावलं तर दिवसचं झालं दविस. मिरचीची झाली मरिची. मुलगी वाचतेय, बाबा मरिची म्हणजे काय. ऱ्हस्व वेलांटी टाइप करताना अक्षरानंतर येते पण दिसायला आधी दिसली पाहिजे, जोडाक्षरं जुळली पाहिजेत, हे काम करणारा भाग गेममध्ये नव्हताच, एकामागे एक अक्षर ठेवत जायचं एवढंच त्याला येत होतं. आणि हे काय अवघड राहिलेलं नाही आता, हार्फबझ नावाची लायब्ररी फुकट आहे, अँड्रॉइडमध्ये, क्रोममध्ये, फायरफॉक्समध्ये तीच चालते, गेम बनवायच्या गोडो इंजिनात चौथ्या व्हर्जनपासून तीच आहे. तुम्ही स्वतः मराठी भाषांतर करून द्या असं म्हणत नाही, मला माहितीये बजेट नसतं. फक्त देवनागरी नीट दिसेल एवढं बघा आणि संवादांची फाईल साध्या टेक्स्टमध्ये बाहेर ठेवा. बाकीचं मी करतो. माझ्यासारखे सोलापूरला असतील, नागपूरला असतील, अहिराणीत करतील, मालवणीत करतील, गोव्याचे कोंकणीत करतील. व्हिलनला मालवणीत शिव्या द्यायला लावू, तुमचा गेम दहा वर्षं मरणार नाही, लिहून देतो.

आणि एक बारीक विनंती राहिलीच. सर्व्हर बंद करायची वेळ आली, येते, धंदा आहे, तर जाताना ऑफलाइन चालेल असा शेवटचा पॅच देऊन जा. युबिसॉफ्टचा द क्रू ३१ मार्च २०२४ ला बंद झाला आणि विकत घेतलेला गेम लोकांच्या मशीनवर नुसता धोंडा होऊन पडला. घर सोडताना आपण किल्ली शेजारी ठेवून जातो की.

उत्तराची अपेक्षा नाही. पण अपडेट धनत्रयोदशीला टाकू नका, तेवढीच सुट्टी असते.

आपला जुना गिऱ्हाईक,
एक सातारकर (मुक्काम पुणे)

ता. क. पिंट्या आता बंगळूरला असतो, दोन पोरांचा बाप. मागच्या मे महिन्यात गावी आला होता, मी माझ्या जुन्या हार्डडिस्कवरून क्रिकेट ०७ उतरवून लॅपटॉपवर चालू केला, रोस्टरची फाईल जशीच्या तशी, काखेतलं नाव पण तसंच. त्याने काही न बोलता फाईल उघडली आणि स्वतःचे ४० चे ९९ केले. अजितला बोलवा म्हणाला.